मुलांना वर्णन लिहायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

पाऊस सुरू झाला की शाळांमध्ये 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध येतो. मी सातवी ते नववीला मराठी शिकवते. दर जुलैत वह्यांचा गठ्ठा घरी आणते आणि वाचत जाते. धरतीने हिरवा शालू पांघरलेला असतो, पक्ष्यांचा किलबिलाट चाललेला असतो, बळीराजा सुखावलेला असतो आणि शेवटी लिहिणाऱ्याच्या आनंदाला पारावार उरत नाही. ही मुलं शहरात राहतात. त्याच आठवड्यात त्यांच्यापैकी काहींच्या घरात घोटाभर पाणी शिरलेलं असतं. ते पाणी वहीत कुठेच नसतं.

पूर्वी ही वाक्यं निबंधाच्या पुस्तकांतून यायची. 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि आता ती मोबाइलमधून येतात. त्यामुळे पालकसभेत दोन प्रश्न हमखास निघतात. यंत्र लिहून देत असेल तर मुलांनी हे शिकायचंच कशाला? आणि शिकवायचं असेल, तर 'जरा छान लिही' याच्या पुढे घरी काय सांगायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, ते आधी देते. पहिल्याचं उत्तर वाटेत सापडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मुलं आळशी आहेत म्हणून तसं लिहीत नाहीत. वाचता येतं का, हिशेब येतो का, हे आपण सतत तपासतो. मुलांना कितपत येतं हे तपासणाऱ्या, 2005पासून होणाऱ्या 'असर'च्या पाहण्याही मुख्यतः याच दोन गोष्टी बघतात. लिहिता येतं का हे मात्र आपण एकदम निबंधाचा विषय देऊन विचारतो. मधल्या पायऱ्या मुलाला कुणी दाखवलेल्याच नसतात. मग ते जे पाठ आहे त्याचा आधार घेतं.

## परिच्छेद कुणाच्या सोयीसाठी?

जुनं मोडी कागदपत्र पाहिलं असेल तर आठवेल. आधी कागदभर आडव्या रेघा ओढलेल्या, मग त्या रेघांना लटकलेली अक्षरं, शब्दाला शब्द चिकटलेला. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्या कामात मुरलेले, म्हणून चालून जायचं. एकोणिसाव्या शतकात छपाई आली, अनोळखी वाचक आला, आणि मेजर कँडी या इंग्रज कोशकारासारख्यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की परिच्छेद म्हणजे पान भरलेलं दिसावं म्हणून मध्ये सोडलेली जागा. खरं तर समोर नसलेल्या माणसासाठी केलेली ती सोय आहे.

परिच्छेद म्हणजे एका मुद्द्यापुरतं वाढलेलं ताट, असं मी वर्गात सांगते. ताटात वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. ही मांडणी शोभेची नाही. जे थोडं थोडं चाखायचं ते डावीकडे, जे जास्त लागतं ते उजव्या हाताजवळ. जेवणारा न बघता हात नेतो आणि हवं ते सापडतं. परिच्छेदातलं वाक्यही वाचणाऱ्याला जिथे लागेल तिथेच वाढलेलं असावं. आणि श्रीखंडात आमटी ओघळून जाता कामा नये, म्हणजे एसटी स्टँडच्या वर्णनात मध्येच स्वच्छतेचा उपदेश येता कामा नये.

वर्णनाच्या परिच्छेदाला आणखी एक गोष्ट लागते. तिला मी 'मुख्य ठसा' म्हणते. एखाद्या जागेतून बाहेर आल्यावर कुणी विचारलं 'कसं होतं?', तर आपल्या तोंडून पहिल्यांदा जे निघतं तो मुख्य ठसा. 'गजबज होती.' 'उदास वाटत होतं.' 'सगळं कसं धुऊन काढल्यासारखं.' एका परिच्छेदात असा एकच ठसा असावा, आणि बाकीची सगळी वाक्यं त्याच्या पोटात मावावीत. या लेखात एवढीच एक संज्ञा लक्षात ठेवावी लागेल.

## मुलं अडतात कुठे?

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या परिच्छेदांचा अर्क काढला तर तो असा दिसेल:

'आमच्या तालुक्याचे एसटी स्टँड खूप मोठे आहे. तिथे खूप गर्दी असते. तिथे चहाची टपरी आहे. लोक गाडीची वाट बघतात. तिथे कचरा पडलेला असतो. आपण कचरा टाकू नये. मला एसटी स्टँड खूप आवडते.'

व्याकरण ठीक आहे. वाक्यं खरी आहेत. तरी वाचल्यावर डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. टोरंटोचे संशोधक कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया यांनी 1980च्या दशकात मुलांच्या लेखनाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की नवखा लेखक विषय ऐकतो, पहिलं आठवतं ते लिहितो, त्या वाक्यावरून पुढचं आठवतं ते लिहितो, आणि आठवणं संपलं की थांबतो. वरचा परिच्छेद असाच पुढे सरकलाय. टपरी आठवली, टपरीवरून माणसं, माणसांवरून कचरा, कचऱ्यावरून उपदेश.

मूल असं का करतं? कारण त्याच्या डोक्यात जागा नसते. स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांसमोर आणा. फडताळात सामान कितीही असो, एका वेळी हाताळायला जागा ओट्याएवढीच. मनाचंही तसंच आहे. आठवणींचं फडताळ मोठं, पण एका क्षणी हाताळता येतील अशा गोष्टी थोड्याच. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001मध्ये मांडलेला अंदाज साधारण चारचा आहे. बारा वर्षांचं मूल लिहायला बसतं तेव्हा त्या इवल्या ओट्यावर काय काय येतं पाहा. अक्षर नीट काढायचं. 'की' दीर्घ का ऱ्हस्व? 'होते' लिहायचं का 'होतं'? पंधरा ओळी भरायच्या. बाई काय म्हणतील? या गर्दीत 'स्टँडवर मला नेमकं काय जाणवलं?' या प्रश्नाला ओट्यावर जागाच उरत नाही.

म्हणून लेखन शिकवण्याची पहिली युक्ती म्हणजे ओटा मोकळा करणं. सगळं एकदम मागायचं नाही. आज फक्त बघायचं. उद्या फक्त बोलायचं. परवा निवडायचं. मग लिहायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी.

## आधी बघणं

मी मुलांना वर्गाच्या खिडकीशी उभं करते आणि दहा मिनिटं देते. लिहायचं नाही, फक्त तुटक टिपायचं. पहिल्या तीन मिनिटांत झाड, रस्ता, गाड्या, माणसं संपतात आणि 'झालं बाई' सुरू होतं. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं. पाचव्या मिनिटाला कुणाला तरी दिसतं की समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलाचा एक पाय विटेवर आहे. कुणाला जाणवतं की कोळशाचा वास येतोय. ही वीट आणि हा वास सगळ्या परिच्छेदाला पुरतात.

डोळ्यांनी दिसलेलं सगळे लिहितात. कान, नाक आणि त्वचा यांची आठवण करून द्यावी लागते. इथे मराठी फार मोठी मदत करते. वासाला आपण नुसतं 'चांगला' किंवा 'घाण' म्हणून थांबत नाही. खमंग, उग्र, कुबट, करपट, खवट, आंबूस, कोंदट असे कितीतरी शब्द घरात रोज वापरले जातात. डाळीची फोडणी खमंग, जुन्या गोधड्यांची पेटी कुबट, बंद खोली कोंदट. पावसाचंच बघा. भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी, सर वेगळी, झड वेगळी. सर येते आणि जाते. झड लागते, ती दोन-दोन दिवस हटत नाही. रिपरिपीत थोडा वैताग आहे, भुरभुरीत तो नाही. मुलांना हे शब्द माहीत असतात, पण ते 'निबंधाचे' शब्द नाहीत असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. वहीत त्यांना जागा आहे एवढं सांगितलं की ते आपोआप येऊ लागतात.

'खूप', 'छान' आणि 'सुंदर' या तीन शब्दांशी मी भांडत नाही. बंदी घातली की मुलं 'अतिशय मनमोहक' लिहितात आणि गोष्ट आणखी बिघडते. मी समासात फक्त 'म्हणजे कसं?' असं लिहिते. 'खूप गर्दी होती.' म्हणजे कशी? 'म्हणजे बाई, दार उघडलं तरी उतरणारे उतरू शकत नव्हते, एका काकांनी पिशवी खिडकीतून खाली दिली.' मग हेच लिही की! घरी पालकांना एवढं एकच करता आलं तरी पुष्कळ झालं. मुलाने काही सांगितलं की 'म्हणजे कसं?' विचारायचं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकायचं.

## मग गाळणं

सगळ्यात अवघड पायरी ही. पंधरा गोष्टी टिपल्यावर मुलाला त्या पंधराच्या पंधरा वापरायच्या असतात, कारण कष्टाने मिळवल्यात. इथे मुख्य ठसा कामाला येतो. स्टँडचंच उदाहरण घेऊ. पहाटे साडेपाचचं स्टँड अर्धवट झोपेत असतं. गणपतीच्या आदल्या दिवशीचं तेच स्टँड अंगावर येतं. जागा एक, ठसे दोन. पहाटेचा ठसा निवडला की टिपणातला 'पाकीट मारल्याचा आरडाओरडा' खोडावा लागतो, मग तो कितीही मजेदार असो. मी मुलांना वेगळ्या रंगाच्या पेनने खोडायला लावते आणि खोडलेलं वहीतच राहू देते. पुढच्या परिच्छेदाला उपयोगी पडतं, हे कळलं की हात जरा सैल होतो.

## क्रम कुठून आणायचा?

शार्लट लिंड आणि विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाअभ्यासकांनी न्यूयॉर्कमधल्या लोकांना त्यांच्या घराची रचना तोंडी सांगायला लावली होती. 1975मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की जवळजवळ सगळ्यांनी नकाशा सांगितला नाही, फेरफटका मारून आणला. दारातून आत या, उजवीकडे स्वयंपाकघर, पुढे गेलात की खोली. शिकवलं कुणीच नव्हतं. माणूस ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला फिरवतो, हे त्याच्या रक्तातच आहे.

आपण पत्ता सांगताना हेच करतो. 'स्टँडवर उतरलात की पाण्याच्या टाकीकडे तोंड करा, डावीकडे दत्ताचं देऊळ लागेल, ते ओलांडलं की पिठाची गिरणी.' या वयातल्या मुलांना हे जमतं. मग त्यांना एवढंच सांगायचं की वर्णन म्हणजे पत्ता सांगण्यासारखंच आहे, फक्त प्रत्येक वळणावर थोडं थांबायचं. जागेचं वर्णन असेल तर पायांचा क्रम घ्या: आत शिरलो, डावीकडे, पुढे, कोपऱ्यात. बदलणारी गोष्ट असेल, जसं आभाळ भरून येणं, तर घड्याळाचा क्रम. माणसाचं वर्णन करताना मी मुलांना लांबून जवळ यायला सांगते. आधी चाल, मग आवाज, मग हात. चेहऱ्यापासून सुरुवात केली की 'गोरा रंग, टपोरे डोळे' हे ठरलेलं वळण लागतं.

वर्गाने मिळून फळ्यावर रचलेला स्टँडचा परिच्छेद शेवटी असा झाला:

'पहाटे साडेपाचला आमचं स्टँड अर्धवट झोपेत असतं. फाटकातून आत शिरलं की आधी कानावर येतो तो खराट्याचा खरखर आवाज. डाव्या हाताच्या बाकावर एक म्हातारी पिशवी उशाला घेऊन आडवी झालेली असते. पुढे फलाटाला रात्रीची मुक्कामी गाडी लागलेली आहे. दव साचून तिच्या काचा आंधळ्या झाल्यात आणि मागच्या सीटवर कंडक्टर डोक्यावरून चादर घेऊन झोपलाय. जाग आहे ती फक्त कोपऱ्यातल्या टपरीला, तिथल्या स्टोव्हला आणि उकळत्या आल्याच्या वासाला. मग चौकशीच्या खिडकीत दिवा लागतो, माइक खरखरतो, पहिल्या गाडीचं नाव पुकारलं जातं आणि म्हातारी उठून बसत पिशवीची गाठ चाचपते.'

यात एकही अवघड शब्द नाही. 'सुंदर' नाही, उपदेश नाही. पहिलं वाक्य ठसा सांगतं, मधली वाक्यं चालत चालत तो दाखवतात, शेवटच्या वाक्यात झोप मोडते. 'काचा आंधळ्या' हे मागच्या बाकावरून आलं आणि क्षणभर सगळा वर्ग गप्प झाला. अशी एखादी प्रतिमा आपणहून आली तर घ्यावी. ती ओढून आणायला मुलांना कधी सांगू नये.

हा परिच्छेद फळ्यावर होत असताना मी मोठ्याने विचार करत होते, हेही सांगायला हवं. 'इथे टपरी आधी घेऊ का? नको, आपण अजून फाटकातच आहोत.' 'झोपलेला आहे म्हणू की झोपलाय?' एखादं वाक्य लिहून पुसलंही. मुलांनी आयुष्यभर फक्त पूर्ण झालेलं, छापलेलं लेखन पाहिलेलं असतं. मोठं माणूस लिहिताना अडखळतं, खोडतं, परत लिहितं, हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. शिक्षकाने फळ्यावर किंवा आईबाबांनी कागदावर हे एकदा करून दाखवलं, तर वर्षभराच्या सूचनांपेक्षा जास्त उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

## वाक्याला वाक्य जोडणं

तुटक वाक्यं हा या वयातला मोठा अडसर. त्यावर एक जुना आणि फार गुणी सराव आहे. चार छोटी वाक्यं द्यायची आणि त्यांचं एक करायला सांगायचं.

'म्हातारी बाकावर बसली होती. तिच्याकडे पिशवी होती. पिशवी जुनी होती. तिने ती घट्ट धरली होती.'

एका मुलीने केलं: 'बाकावर बसलेल्या म्हातारीने आपली जुनी पिशवी घट्ट धरली होती.' दुसऱ्याने: 'बाकावर म्हातारी बसली होती, जुनी पिशवी पोटाशी घट्ट धरून.' दोन्ही बरोबर. मग वर्गात विचारते, कुठल्या वाक्यात तिची काळजी जास्त दिसते? बहुतेक मुलं दुसऱ्याकडे बोट दाखवतात, आणि का ते शोधता शोधता त्यांना कळतं की मराठीत क्रियापद नेहमीची शेवटची जागा सोडून आधी आलं की त्याच्यानंतर येणाऱ्या शब्दांवर कधी कधी उजेड पडतो. '-ऊन', '-ताना', '-लेला', 'जो… तो', 'तशी', 'तोवर' हे आपल्या भाषेचे सांधे आहेत. त्यांची नावं पाठ असण्यापेक्षा ते हाताशी असणं महत्त्वाचं.

याला आधारही आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकन संशोधकांनी 2007मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावर झालेले प्रयोग एकत्र करून तपासले. आखणी, फेरलेखन यांच्या रीती उघडपणे शिकवणं सगळ्यात परिणामकारक ठरलं. वाक्यं जोडण्याचा सरावही लेखन सुधारणारा ठरला. सुटं, पारंपरिक व्याकरण शिकवल्याने मात्र लेखनाचा दर्जा वाढलेला दिसला नाही. ते प्रयोग मुख्यतः इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांवरचे आहेत, पण माझ्या वर्गात मला याहून वेगळं काही दिसलेलं नाही.

## मग शुद्धलेखन वाऱ्यावर सोडायचं?

अजिबात नाही. क्रम बदलायचा. घर सारवून झाल्याशिवाय कुणी रांगोळी काढत नाही. आधी मजकूर उभा राहू दे, मग शेवटची दहा मिनिटं फक्त ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं आणि विरामचिन्हं. या वयात एक चूक मात्र मी आधीच धरते, ती म्हणजे काळाची सरमिसळ. 'आम्ही स्टँडवर गेलो आणि तिथे गर्दी असते.' ही नुसती व्याकरणाची चूक नाही. एकदा घडलेलं सांगायचंय की नेहमीचं, हे मुलाने अजून ठरवलेलं नाही, याची ती खूण आहे. ते ठरलं की काळ बहुतेक वेळा आपोआप जुळतो.

## पण परीक्षेत पाठांतरच चालतं ना?

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. त्यातले 8 प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखनाचे; बाकीचे पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा यांचे. विषयासोबत मुद्दे किंवा चौकट दिलेली असते, त्यामुळे पाठ केलेला निबंध तिथे नीट बसतच नाही, तो कापून-जोडून बसवावा लागतो. ज्याला एक ठसा धरून आठ वाक्यं क्रमाने लिहिता येतात त्याला बातमीही जमते आणि कथेची सुरुवातही. पाठांतराने काठावर सुटका होते, हे मी नाकारत नाही. पण नववीतल्या मुलाला चार निबंध पाठ करायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याचे दहा परिच्छेद लिहून होतात.

## साचा दिला की सगळ्यांचं सारखंच होणार

ही शंका मला स्वतःलाही होती. ठसा, क्रम, शेवट असा सांगाडा सगळ्यांना एकच दिला तर लेखन छापील होईल अशी भीती वाटायची. झालं उलटंच. पुस्तकातून येणारी वाक्यं सारखी होती, कारण मजकूर उसना होता. सांगाडा एक असूनही मजकूर ज्याचा त्याच्या खिडकीतला असेल तर दोन परिच्छेद सारखे होत नाहीत. ओवीचीही चाल एकच असते, पण जात्यावर बसलेल्या प्रत्येक बाईने त्यात आपलं माहेर घातलं. दिवाळीनंतर काही मुलं आपणहून ठसा शेवटी आणायला लागतात, किंवा तो सांगतच नाहीत. तेव्हा मी सांगाड्याचा विषय काढत नाही.

## घरच्या बोलीतले शब्द चालतील का?

चालतील, आणि यायला हवेत. कोकणातून आलेल्या एका मुलीने 'खळं' लिहिलं होतं आणि आधीच्या वर्गात कुणीतरी ते खोडून 'अंगण' केलं होतं. पण ते अंगण नव्हतं. पावसाळा सरल्यावर माती चोपण्याने चोपून, शेणाने सारवून घरापुढे जे केलं जातं ते खळं. आता हाच शब्द देशावरच्या मुलाने वाचला तर त्याला धान्य मळायची जागा दिसेल. इथे शिकवण्यासारखं खूप आहे. शब्द ठेवायचा, पण समोर नसलेल्या वाचकासाठी त्याच वाक्यात चार शब्दांची वाट करून द्यायची: 'घरापुढच्या नुकत्या सारवलेल्या खळ्यात आजी सुपारी सोलत बसली होती.' कंसात अर्थ देण्याची गरज नाही. ओसरी, ढेलज, पडवी, वळचण, पागोळ्या, चाळीतली गॅलरी, लिफ्टची जाळी, सगळ्यांना हाच नियम लावता येतो. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे घरात दुसरी भाषा बोलणारी मुलंही आता वर्गात आहेत. त्यांचे शब्दही असेच आत येऊ शकतात.

## या वयात मुलं मनातलं लिहीत नाहीत

तेरा-चौदाव्या वर्षी मूल स्वतःकडे दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघायला लागतं. 'माझी आई' लिहायला सांगितलं की सगळ्यांच्या आया पहाटे उठतात, कष्ट करतात आणि संस्कार देतात. खरं लिहायचं तर घर उघडं पडतं. एका खोलीत सहा माणसं राहतात हे शेजारच्या बाकावरच्या मित्राला कळायला नको असतं. म्हणून वर्षाचा पहिला अर्धा भाग मी घर हा विषयच घेत नाही. शाळेचा नळ, मैदानाचा कोपरा, रिक्षाची रांग, दळण आणायला गेल्यावर दिसणारी गिरणी, असे सगळ्यांच्या मालकीचे विषय घेते. परवानगीशिवाय कुणाचीही वही वर्गात मोठ्याने वाचत नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. मी शाळेत असताना माझा एक निबंध असाच न विचारता वर्गात वाचला गेला होता. त्यानंतर दोन वर्षं मी वहीत फक्त पुस्तकातली वाक्यं लिहिली.

## यंत्र लिहून देतं, मग?

आता पहिला प्रश्न. चॅटजीपीटीला 'पावसाळ्यातील एक दिवस' सांगितलं तर ते नीटनेटका मजकूर देईल. पण इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालची वीट त्याने पाहिलेली नाही. त्याला ती कुणीतरी सांगावी लागेल, आणि सांगायची तर आधी दिसायला हवी, टिपायला हवी, पंधरांतून निवडायला हवी. म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्यांतल्या बघणं आणि गाळणं या दोन तरी मुलालाच चढाव्या लागतात. शिवाय यंत्राने दिलेल्यात काय पोकळ आहे हे ओळखायलाही स्वतः लिहिलेलं असावं लागतं. नववीच्या वर्गात मी यंत्राचा परिच्छेद फळ्यावर घेते आणि प्रत्येक वाक्याला 'म्हणजे कसं?' विचारायला लावते. ज्या मुलांनी जूनपासून स्वतः लिहिलंय ती पाच मिनिटांत सात-आठ जागा काढतात. ज्यांनी उतरवलंय त्यांना तो परिच्छेद छान वाटतो.

घरी करायचं काम वर्गातच करून घेणं हा यावरचा सोपा उपायही आहे. आठवड्याला एक तास, वही शाळेत ठेवायची.

## एवढ्या वह्या तपासायच्या कशा?

वर्गात पन्नासच्या वर मुलं असतात, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. मी प्रत्येक परिच्छेद पूर्ण तपासत नाही. एका आठवड्याला एकच गोष्ट बघते. या खेपेला फक्त क्रम, पुढच्या खेपेला फक्त सांधे. लाल रेघा ओढण्याऐवजी एका ठिकाणी टिकमार्क आणि एका ठिकाणी 'म्हणजे कसं?'. मुलं तेवढेच एक वाक्य फिरवून खाली पुन्हा लिहितात, सगळा परिच्छेद नाही. जोडीतल्या मुलाने परिच्छेद वाचून डोळ्यांसमोर आलेलं चित्र कागदावर काढायचं, हाही तपासण्याचाच प्रकार आहे. लिहिणाऱ्याने टपरी डावीकडे म्हटलेली असते आणि चित्रात ती उजवीकडे येते, तेव्हा चूक कुठे झाली हे मला सांगावं लागत नाही.

जून ते दिवाळी आम्ही एकच परिच्छेद लिहितो, आठ ते दहा वाक्यांचा. दिवाळीनंतर दुसरा जोडायला घेतो: तीच जागा, वेगळी वेळ. पहाटेचं स्टँड लिहिलेल्या मुलाने गणपतीच्या आदल्या दिवशीचं स्टँड लिहायचं, आणि दोन्हींच्या मध्ये वाचणाऱ्याला एकातून दुसऱ्यात नेणारं एक वाक्य शोधायचं. जूनमध्ये वेगळ्या रंगाने खोडून ठेवलेलं तेव्हा कामाला येतं.